बाबांचा शहरातला मुक्काम

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, रुग्णालयांतली ऑक्सिजनची यंत्रं दुरुस्त करणारी तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मी रागात आहे. रागामुळे शुद्ध हरपली असा दावा पुढे कोणी केल्यास साक्षीदारांना विचारावे. त्यांनी माझा हात पाहिला आहे, तो स्थिर आहे.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. माझ्यामागे बाबांनी हयातभर यातच राहावे. त्यांच्या स्वतःच्या तोंडच्या होकाराशिवाय त्यांना कोणीही, कितीही दिवसांसाठी, कुठेही हलवू नये. ‘हलवणे’ यात सहल, विश्रांती आणि हवापालट हेही धरावे.

असे कलम का लिहावे लागले ते सांगते. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, सगळ्यांची सहल ठरवली: आधी चार दिवस बंदराच्या शहरात, मग आठवडाभर बोटीवर. कामाची वाटणीही त्यानेच केली. “तू विम्याचं बघ, हॉटेल आणि बोट माझ्याकडे.” बाबांची फुप्फुसं अधू आहेत, नाकातली नळी आणि यंत्र दिवसरात्र लागतं. दादा म्हणाला, बोटीवर यंत्र चालत नाही. बाबा शहरातच आराम करतील, येताना घेऊ.

बाबांनी नवे कॅनव्हासचे बूट आणले. मला विचारलं, “त्या हॉटेलातून बंदर दिसेल का गं? तुम्ही निघताना हात केला असता.”

पलंगाजवळ प्लग आहे का, एवढंच विचारायला मी दादाने दिलेल्या नंबरवर फोन केला.

“काळजी नको, ताई,” पलीकडची बाई म्हणाली, “आमच्याकडे प्रत्येक खाटेला ऑक्सिजन आहे.”

“हॉटेलात?”

“हॉटेल कुठलं? वृद्धांची सोय आहे ही.”

“बरं. आम्ही त्यांना बाराव्या दिवशी न्यायला येऊ.”

“न्यायला? मुलाने तर कायमचं सांगितलंय. खोलीही तशीच दिलीय.”

मी दादाला फोन लावला. तो नाही म्हणाला नाही.

“तू काय जन्मभर त्या नळीला बांधून घेणार आहेस? तुझं वय काय, तुझं चाललंय काय?”

“मग बाबांना सांगायचं.”

“सांगितलं असतं तर आले असते का ते?”

मागून वहिनी म्हणाल्या, “आम्ही तुमच्याच भल्याचं बघतोय, वन्सं.”

माझं भलं बघायला मला अंधारात ठेवावं लागतं, आणि बाबांची सोय करायला त्यांना फसवावं लागतं, हे गणित मला जमलेलं नाही. नंतर मी बोटीच्या कंपनीलाही विचारलं. डॉक्टरांचं पत्र द्या, आधी कळवा, यंत्र खुशाल आणा, असं उत्तर आलं. दादाने विचारलंच नव्हतं.

२. माझी शिल्लक बाबांचं यंत्र, वीज आणि मदतनीस यांसाठी वापरावी. व्यवस्था आत्याने पाहावी. आत्या निवृत्त टंकलेखिका आहे, आणि घरात दादा घाबरतो ते फक्त तिला. बाबांच्या पश्चात घर आणि उरलेली शिल्लक तिची.

३. माझे नट-बोल्टचे पाने आणि दाबमापक कार्यशाळेच्या फोरमनकाकांना द्यावेत. दाबमापक त्यांनी दोनदा ‘चुकून’ घरी नेला आहे. आता उजळ माथ्याने न्यावा.

४. सहल रद्द नाही. बाबा आणि मी जाणार आहोत. शहरातली खोली तळमजल्यावर, बोटीवरची लिफ्टजवळ, जादा बॅटरी माझ्या बॅगेत. निघण्याआधी माझं काही झालं तर आत्याने बाबांना न्यावं आणि याच घरी परत आणावं. दादा-वहिनींची तिकिटं त्याच बोटीची आहेत. त्याला माझा इलाज नाही. बोट मोठी आहे. त्यांनी दुसऱ्या पाळीत जेवावं.

५. दादाला घर, पैसा, वस्तू यांतलं काहीही नाही. मसुदा इथेच संपत होता. पण बाबांनी तो वाचायला मागितला. त्यांच्यापासून आता काहीच लपवायचं नाही, म्हणून दिला. पहिलं कलम त्यांनी दोनदा वाचलं. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“त्याला काहीच नाही?”

“नाही.”

“विचारलं असतं त्याने, तर मी गेलोही असतो गं. तुझ्यासाठी.”

“म्हणूनच विचारायला हवं होतं, बाबा.”

“लिही काहीतरी त्याच्या नावाने. माझ्यासाठी.”

म्हणून लिहिते. यंत्राच्या मागे स्पंजची जाळी असते. ती दर आठवड्याला धुवावी लागते. धूळ साचली की बाबांना दम लागतो. आजवर हे काम मी केलं. माझ्यामागे ते मी दादाच्या नावे करते. त्याने स्वतः यावं, माणूस पाठवू नये. जाळी धुवावी, पूर्ण वाळेपर्यंत बाबांसमोर बसावं आणि ती यंत्रात परत बसवून जावं. त्या वेळात काय बोलायचं ते त्याने ठरवावं. त्याला दार उघडायचं की नाही, ते बाबांनी.

मी त्याला माफ केलं, असा या कलमाचा अर्थ कोणी काढू नये.

सही: मृत्युपत्र करणारी

तिने हा मजकूर आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला आणि आमच्यादेखत सही केली. आम्हीही तिच्यादेखत करत आहोत. यातलं काहीही आम्हाला मिळणार नाही.

साक्षीदार १: बाबांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २: शेजारच्या परिचारिका (सही)

स्थळ: कलम १ मधले घर
दिनांक: ९ फेब्रुवारी