चावला बाराला, सांगितले तीन

१० मे ८८, मंगळवार. दवाखाना, जळगाव.

एकच गोष्ट तीन माणसांना तीनदा सांगायची म्हणजे काय? दारात शिपायानं विचारलं, मग सिस्टरनं, मग चष्मेवाल्या डॉ.नं. किती वाजता चावला, किती वाजता चावला. पोरीच्या तोंडाला फेस, अंगभर घाम, हातपाय गार, आणि यांना घड्याळाची पडलेली.

वर श्री लिहायचं राहिलं. श्री.

मंगल, माझी नात, आठ वर्षांची. चुलीसाठी ढिगातून कापसाच्या पऱ्हाट्या ओढत होती, मनगटाला विंचू चावला. लाल होता. ठेचला.

मी सांगितलं, तीन वाजता.

डॉ. पोरसवदा आहे, पण बोलतो नीट. म्हणाला, "आजी, दोन तासांच्या आत जे येतात त्यांच्यावर आम्ही एक गोळी तपासतोय. मोठी माणसं, पोरं, सगळ्यांवर. पाकीट फोडायचं. आत निघेल तसं करायचं. काहींना नुसते नेहमीचे उपचार, काहींना त्याबरोबर गोळी. चालेल?"

म्हटलं, "शिकले तुम्ही आणि ठरवणार पाकीट?"

हसला. "माझ्यावर सोडलं तर ज्याची दया येईल त्यालाच देईन. मग गोळीचा गुण कळणार कसा?"

हे पटलं. सिस्टरनं अंगठ्याला शाई पुढं केली, ती मागं सारली. तिसरी शिकले आहे. सही केली.

पाकिटात गोळी निघाली.

११ मे

मं.च्या हातापायांत ऊब आली. सकाळी भाकरी मागितली. सिस्टर म्हणे, दूधच. मं.नं तिच्या पाठीमागं जीभ काढली. म्हणजे बरी.

डॉ. खूश. "तासाभरात आणलंत आजी, शहाण्या आहात." वहीत लिहून घेतलं. ती वही महिन्याला धुळ्याला जाते, मोठ्या डॉ.कडे.

माझी वही कुठं जात नाही, म्हणून इथं लिहिते. चावला बाराला. आधी सखाराम भगताकडे नेलं. आमच्या असोद्यात विंचू चावला की पाय तिकडेच वळतात. त्यानं दंडाला दोरी आवळली, लिंबाचा डहाळा फिरवत बसला. "उतरू राह्यला काकू, उतरू राह्यला." पोर ओकायला लागली तेव्हा मी उठले. तीनची बस. चारला इथं.

भगताचं नाव काढलं की डॉ. लोक पेशंटच्या आधी आपल्यालाच झोडतात. मागं माझ्या जावेला चारचौघांत बोलले होते. म्हणून तीन सांगितले. तीनला आम्ही बसमध्ये चढत होतो.

१२ मे

दुपारी एरंडोलकडची एक मजूर बाई आणली. विंचूच. तिशीची असेल. नवऱ्यानं पाठुंगळी आणली होती. त्यालाही तेच, किती वाजता?

"सकायले चावना साहेब. मोटार भेटनी नही."

खरं तेच बोलला. डॉ.नं घड्याळ बघितलं, साडेचार तास झालेले. "वहीत घेता येणार नाही. इतक्या उशिरा गोळी फायद्याची की धोक्याची, आम्हालाच माहीत नाही." सलाईन लावलं, तिघं-चौघं धावले. कसूर केली असं म्हणणार नाही. पण पाकीट फोडलं नाही.

मी मं.च्या खाटेवर बसलेली. चार तासांनी गोळी घेतलेली पोर माझ्या मांडीला पाय लावून मुरमुरे खात होती.

खरं बोलला त्याच्या बायकोला सलाईन, खोटं बोलले तिच्या नातीला गोळी.

बोलायला पाहिजे होतं. तोंड आहे माझं, सगळ्या गावाला माहीत आहे. तेव्हाच नेमकं

१३ मे

ती खाट मोकळी. चादर बदललेली. सिस्टरला विचारलं.

"हलवलं."

"कुठं?"

"आजी, तुम्ही तुमचं पेशंट बघा."

नवरा कुठं दिसला नाही.

आम्हाला सोडलं. डॉ.नं धुळ्याचा पत्ता छापलेलं कार्ड दिलं. पंधरा दिवसांनी पोरीची तब्येत लिहून टाका म्हणाला. मी विचारलं, "तुमच्या वहीत एखादी वेळ चुकली तर?"

"वेळेवरच तर सगळं उभं आहे आजी. उशिरा दिली तर गोळी चालते का, ते कळायला उशिरा गोळी घेतलेला माणूस पाहिजे. असा एकही नाही आमच्याकडे."

आहे. दारात उभी राहून माझा पदर ओढत होती, बस जाईल म्हणून.

१६ मे. असोदा.

सखाराम भगत आला. चहा प्याला. "काकू, विंचवाचं इख मीच उतरवलं. दवाखाना नुसता नावाले."

म्हटलं, "तू उतरवलं तर मंग ते जळगावपावत चढत कसं गेलं?"

कप खाली ठेवून गेला.

२८ मे

कार्ड लिहिलं. मुलगा, प्रकाश, मागं उभा राहून वाचत होता.

"माय, पोरगी वाचली ना? मंग कशाले उकरते? उद्या डॉक्टर दारात उभं नाही करणार."

"नको करू दे. त्या बाईचं तरी पाकीट कुठं फोडलं?"

कार्डावर एवढंच. मंगल बरी, खाते, भांडते. चावला बाराला, तीनला नव्हे. गोळी चार तासांनी दिली. मधला वेळ भगताकडे. खोटं मी बोलले. १२ तारखेची एरंडोलकडची बाई, तिचं काय झालं ते कळवा.

प्र. म्हणाला, दे, मी टाकतो. दिलं नाही. पेटीपर्यंत मीच गेले.

१४ जून

धुळ्याहून कार्ड. टाईप केलेलं. कळवलेल्या वेळेची खात्री करायला आमचा माणूस घरी येईल. बाईबद्दल अक्षर नाही.

चुलीपाशी प्र. आणि सूनबाई कुजबुजत होते. वय झालं, कान नाही गेले. "सांगून देऊ, म्हातारीले आठवत नाही. तीनच वाजले होते." सूनबाईला भीती, मं.चं नाव कुठं कागदावर चढेल. चढलेलंच आहे. चुकीच्या वेळेसमोर.

हे पान आज प्र.ला वाचायला देणार आहे. त्यानं सूनबाईला वाचून दाखवायचं.

धुळ्याचा माणूस आला की ओट्यावर बसवा, पाणी द्या. वेळ प्र.नं सांगायची नाही, सूनबाईनं नाही, भगताला तर फिरकू देऊ नका. मी शेतात असले तर निरोप धाडा. उत्तर मी देणार. माझं झालं की त्यानं द्यायचं, त्या बाईचं. तोवर त्याला ओट्यावरून उठू देऊ नका.