शेंड्याच्या कडीतल्या दोन खाचा

मी, या कागदाच्या शेवटी जी सही आहे (बँकेने ती दोनदा न जुळल्यामुळे परत पाठवली आहे) ती करणारा इसम, वय चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी लिफ्टदुरुस्ती व हल्ली पत्नीच्या मते काहीही नाही, असे लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती कामापुरती आहे आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वखुशीने करीत आहे. पत्नी शेजारी बसून शब्द सुचवते आहे. वकीलबाईंच्या मते त्याला दडपण म्हणत नाहीत. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते नीट जपून ठेवले असल्यामुळे सापडत नाही. सापडल्यास रद्द समजावे.

१. राहते घर पत्नीला द्यावे व तिच्या पश्चात मुलगा आणि मुलगी यांना सारखे. घर चौथ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. जन्मभर लोकांना वर पोचवणाऱ्या माणसाने असे घर का घेतले, हे पत्नी गुडघे चोळताना रोज विचारते. त्याचे उत्तर मी कोणालाही वारसा म्हणून देऊ शकत नाही, कारण ते माझ्याकडे नाही.

२. बँकेतली शिल्लक पत्नीला. आकडा लिहीत नाही. लिहिला तर मुलांना माझी दया येईल.

३. माझी सगळी हत्यारे, पाने, दिवे आणि लिफ्टचा दोर ज्या कप्प्यांवरून धावतो त्यांच्या खाचा मोजायचे माप मुलीला. तिने माझाच धंदा उचलला आणि माझ्यापेक्षा चांगला चालवला. हत्यारे ती धुऊन घेईलच.

४. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्याकडे माझी शिडी आहे. ती त्याने ठेवून घ्यावी. मात्र माझे नाव 'निसटला' त्यानेच ठेवले, ते मी माफ करीत नाही. दर रविवारी मी मासेमारीहून परतायचो तेव्हा तो जिन्यात उभा असायचा. "काय मिळालं?" असे विचारायचा. मी म्हणायचो, "मोठा होता, निसटला." हे एकदा घडले असते तर नाव पडले नसते, इतपत मी मान्य करतो.

५. बाबांची गळाची काठी. हे कलम वकीलबाईंनी एका ओळीत बसवून दिले होते. ते मी परत घेतले, कारण त्या ओळीत काठी कोणाला द्यायची एवढेच होते, का ते नव्हते.

बाबा रंगारी होते. सुट्टीच्या दिवशी ते आम्हा दोघा भावंडांना, म्हणजे मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, बंधाऱ्यावर न्यायचे. ताई डावखुरी. पाण्यापाशी ती बगळ्यासारखी बसायची आणि मासे तिच्याकडे नातेवाइकांसारखे यायचे, न बोलावता. मी बोलत बसायचो. मासे ऐकून घ्यायचे आणि जायचे. दोघांतले मासे धरणारे पोर कोणते, हे आंधळ्यालाही कळले असते. तरी बाबा शेवटच्या आजारपणात म्हणाले, "काठी धाकट्याची." मी काठी घेतली. ताई "बरं" म्हणाली. न बोलणे हे आमच्या ताईचे ठेवणीतले हत्यार आहे, आणि ते तिने त्या दिवशी बाहेर काढले हे मला कळलेसुद्धा नाही.

काठी मी जिन्याखालच्या कोठीत कुलूपबंद ठेवत असे. ती मी कोणाला हात लावू दिली नाही, अशी माझी समजूत होती.

आता खाचांबद्दल. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, रिळातून निघतो, काठीवरच्या कड्यांतून ओवत जातो आणि शेंड्याच्या कडीतून पाण्यात उतरतो. मागे ओढताना त्याच्याबरोबर बारीक रेती येते. वर्षानुवर्षे तो कडीला घासत राहतो आणि एवढासा मऊ दोरा धातूला खाच पाडतो. मग त्या खाचेला धार येते आणि तीच धार दोऱ्याला कापते. हे मला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये. माझे पोट त्यावरच चालले. लिफ्टचा पोलादी दोर कप्पीला असाच खातो. "कप्पी बदला, नाहीतर लिफ्ट बंद" असे सांगून मी कितीतरी इमारतींतल्या म्हाताऱ्यांना जिने चढायला लावले. स्वतःच्या काठीच्या कडीत मात्र मी कधी बोट घालून पाहिले नाही. माझे मासे तंगूस तोडून जात आणि मी तंगूस विकणाऱ्याला शिव्या देत असे.

ताईने ते कधीच ओळखले होते. बंधाऱ्यावर ती माझ्यासोबत येई, स्वतःची काठी घेऊन. दर वेळी म्हणे, "शेंड्याची कडी बदल."

मी म्हणे, "ती बाबांची खूण आहे."

"खूण नाही ती. खाच आहे."

दोन वर्षांपूर्वी, थंडीच्या सुरुवातीला, बंधाऱ्यातून पाणी सोडले होते. माझा गळ पाण्याच्या कडेला एका मुळात अडकला. मी फेकलेला गळ बहुधा झाडालाच लागतो. ताई म्हणाली, "थांब, तू ओढू नकोस, तोडशील," आणि शेवाळलेल्या दगडावर जाऊन तिने तो सोडवला. उठताना गळ तिच्या कोटाच्या बाहीत रुतला आणि तिचा पाय सरकला.

जन्मात लागला नव्हता एवढा मोठा मासा त्या दिवशी माझ्या गळाला लागला, आणि ती माझी बहीण होती.

पाण्याला ओढ होती. मी काठी प्रवाहाबरोबर डावीकडे वाकवली, रीळ फिरवू लागलो. तंगूस ताणला गेला आणि ताई खरोखर जवळ येऊ लागली. तिचा चेहरा मला दिसला. तोंडात पाणी जात होते, तरी ती काहीतरी सांगत होती. मला सूचना करायची संधी ती सहसा सोडत नाही. तेवढ्यात शेंड्यापाशी टक असा आवाज झाला. मी मागच्या मागे बसलो. ताई पाण्याखाली गेली आणि तिची टोपी तेवढी वर आली.

मला पोहता येत नाही. लिफ्टवाल्याला उंचीची भीती नसते, खोलीची असते. मी काठावरून धावत सुटलो, "ताई, ताई" म्हणून ओरडत. गेली कित्येक वर्षे मी धावलो नव्हतो आणि त्या दिवशीही फार चांगला धावलो असे नाही. टोपी माझ्यापुढे गेली. वळणापलीकडे मी पोचलो तेव्हा मी मनाने तिला गमावून बसलो होतो. ती एका झाडाची मुळे धरून पालथी पडली होती, अर्धी पाण्यात. मी तिचा हात धरला.

तिने डोळे उघडले आणि माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहिले. "काठी खाली ठेव," ती म्हणाली, "आणि दोन्ही हातांनी ओढ."

मी काठी घेऊनच धावलो होतो. का, ते मला विचारू नये.

नंतर आम्ही माझ्या जुन्या गाडीत हीटर लावून बसलो. तिने माझा स्वेटर घातला होता. दात वाजत होते. केस पिळून झाल्यावर ती म्हणाली, "कुठे तुटला?"

"शेंड्याला."

"हं." मग काचेबाहेर बघत म्हणाली, "बाबांकडे मी मागितली होती ती काठी."

हे मला नवीन होते. "कधी?"

"ते आजारी पडले तेव्हा. म्हणाले, लग्न झालेल्या बाईला काठी कशाला, तुला घर आहे. मी म्हटलं, घर त्यालाही आहे. त्यावर त्यांनी डोळे मिटले."

"मला का नाही सांगितलंस?"

"दिली असतीस?"

"दिली असती," मी म्हणालो.

ताई हसू लागली. हसता हसता तिला खोकला आला आणि मला तिची पाठ थोपटावी लागली. मला राग आला नाही, कारण मलाही ते ऐकायला विनोदीच वाटले.

दुसऱ्याच दिवशी मी काठी दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने जुन्या पायमोज्याचा एक तुकडा शेंड्याच्या कडीतून ओढला. तो एका जागी अडकून फाटला. मग त्याने मला भिंग दिले. कडीत दोन खाचा होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे.

"काठी दोघं वापरता?" त्याने विचारले.

"मी एकटाच."

"मग तुम्हाला आणखी एक हात असणार, डावा. माणूस काठी ज्या बाजूला झुकवतो त्या बाजूला खाच पडते. या दोन माणसांच्या आहेत आणि डावीकडची काही जुनीपुराणी नाही. तिच्यावर बरंच काम झालंय."

मी घरी आलो. पत्नी वाटाणे सोलत होती. मी विचारले, "कोठीची किल्ली कोणाकोणाकडे आहे?"

"एक माझ्याकडे, एक ताईंकडे."

"ताईकडे कशाला?"

"त्यांना काठी न्यायला लागायची ना. बुधवारी, तुम्ही कामावर गेलात की."

"किती वर्षं चाललं होतं हे?"

"तुम्ही रिटायर होईपर्यंत. मग त्यांची फार पंचाईत झाली हो." तिने आणखी एक शेंग सोलली. "आपण बुधवारी रात्री मासा खायचो, तो तुम्हाला बाजारातला वाटायचा?"

मला बाजारातलाच वाटायचा. इतकेच नव्हे, तो खाताना मी घरच्यांना सांगत असे की बाजारातल्या माशाला बंधाऱ्यावरच्या माशाची चव नाही.

दुरुस्तीवाल्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती. पायमोजा अडकला तो डावीकडच्या खाचेत. तंगूस त्या दिवशी कापला तो तिनेच. म्हणजे ताईवर बुडायची वेळ आली ती स्वतः पाडलेल्या खाचेपायी, आणि मला दोन वर्षे ऐकावे लागले ते मात्र कडी न बदलल्याबद्दल. हे मी तिला अजून सांगितलेले नाही. मेल्यावर सांगणे अधिक सुरक्षित, म्हणून येथे नमूद करतो.

सबब, सदर काठी, सर्व नव्या कड्यांसह, माझ्या थोरल्या बहिणीला द्यावी. मुलगा दंतवैद्य आहे व ती काठी दवाखान्यात बाकाच्या वर टांगण्याचा त्याचा विचार आहे. त्याने ती टांगू नये. दात दुखणाऱ्या माणसांना गळ दाखवू नये. बहीण माझ्याआधी वारल्यास काय, हे वाक्य वकीलबाईंनी घालायला सांगितले आहे. ते घातले, पण तिचा तसा काही विचार दिसत नाही.

६. मुलाला गाडी द्यावी. हीटर चालतो. बाकीचे त्याने पाहून घ्यावे.

७. माझ्यामागे भाषणे करू नयेत. करायचीच झाल्यास बँकवाल्याला बोलावू नये. तो एकच शब्द बोलेल आणि लोक हसतील.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. कलम पाच त्यांनी न हसता वाचले, त्याअर्थी त्यांना कोणतेही काम जमेल.

हस्तलिखित पुरवणी, सह्या होण्यापूर्वी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर:

वरील मजकूर टाइप होऊन आला. साक्षीदार म्हणून मी बँकवाल्याला आणि ताईला बोलावले होते. कायद्याची मला तेवढीच जाण आहे. ताईने चष्मा लावला आणि पेन उचलले, तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला सही करता येणार नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं."

"मला काय मिळतंय?" ताईने विचारले.

माझी पत्नी म्हणाली, "काठी."

ताई माझ्याकडे वळली. "म्हणजे तू मेल्यावर?"

"हो," मी म्हणालो.

"आणि तोवर मी काय करू? मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे."

तिने हे चिडून विचारले नाही. बस किती वाजता सुटते, असे विचारावे तसे विचारले. मी जिने उतरून कोठीत गेलो, काठी काढली आणि पुन्हा चार मजले चढून वर आलो. या कामाला मला किती वर्षे लागली याचा हिशेब वाटेत दमामुळे करता आला नाही. काठी मी तिच्या हातात दिली. तिने ती दाराशी टेकवून ठेवली आणि वकीलबाईंना विचारले, "आता मला यातून काही मिळतं?"

वकीलबाईंनी कागद चाळला. "आता नाही."

"मग पेन द्या."

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, हे तिला दोनदा सांगण्यात आले. तिने सगळा वाचला. कलम पाचच्या शेवटाकडे ती थांबली, चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि पान उलटले.

सबब कलम ५ रद्द. त्यातला मजकूर मात्र तसाच राहू द्यावा, असे ताईचे म्हणणे आहे.

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्याखाली आहे तो. वार बुधवार.

मृत्युपत्र करणार: (सही, बँकेने कृपया ग्राह्य धरावी)

साक्षीदार:
१. दुसऱ्या मजल्यावरचा निवृत्त बँकवाला. कलम ४ मधल्या शिडीमुळे तोही अडला असता, म्हणून ती त्याला आजच भेट दिल्याचे वकीलबाईंनी लिहून घेतले.
२. थोरली बहीण. सही डाव्या हाताची. या मृत्युपत्रान्वये तिला काहीही मिळत नाही. चहाला थांबली नाही. दिवस मावळायला अजून अवकाश होता.