बेट सरकतंय, कुणाला सांगू?

२१ मार्च

आज ऊन चुकीच्या जागी पडलं.

रोज सकाळी भिंतीच्या चटईच्या भोकातून उन्हाचा ठिपका येतो तो तांदळाच्या मडक्यावर. मी उठते तीच तो बघून. आज मडक्यावर नव्हता. चुलीवर होता! आईला दाखवलं. "भोक मोठं झालं असेल," म्हणाली आणि त्यात बोरूचा बोळा कोंबून मोकळी झाली.

बाबा चटया विकायला अमारा शहरात गेलेत, त्याला आज चार दिवस झाले. दहा एप्रिलला येतील. वही आणणार आहेत, चौकटीची नको म्हणून सांगितलंय.

२३ मार्च

पाणी वाढतंय. दरवर्षी वाढतं, बोरू रचून केलेलं आमचं बेट तळापासून थोडं उचललं जातं, मग शनाव काका चारही बाजूंनी बोरूचे भारे टाकून दाबतो. या वर्षी भारे टाकले, पण बुडाले नाहीत. तरंगत राहिले. काका म्हणाला, "बोरू कोवळा आहे."

२६ मार्च

शेजारचं बेट दिसत नाही. हाक मारली की तिकडून उत्तर यायचं, इतकं जवळ होतं! आज मी आणि मतारा (काकाची मुलगी, माझ्याच वयाची) घसा फुटेपर्यंत ओरडलो. काही नाही. काकू म्हणाली, "बोरू किती वाढलाय बघ, त्यात आवाज मुरतो. आणि मुलींनी एवढं किंचाळायचं असतं का?"

बोरू वाढलाय हे खरं. पण चार दिवसांत?

२७ मार्च

आमची म्हैस, काळी, संध्याकाळी घरी आली नाही. काका म्हणाला, "माजावर आली असेल." काकाकडे सगळ्याला उत्तर आहे.

२९ मार्च

आज खात्री झाली.

दुपार कलल्यावर आजोबा, काका आणि दोन पाहुणे नमाजाला उभे होते. पाहुणघर आजोबांच्या आजोबांनी काब्याकडे तोंड करून बांधलेलं. नमाजाला नाकासमोर उभं राहायचं, बस, दिशा शोधावी लागत नाही. या वेळी ऊन आजोबांच्या तोंडावर यायचं, डोळे बारीक करून पढायचे. आज ऊन त्यांच्या उजव्या कानावर होतं! चौघांच्याही उजव्या कानावर!

नमाज संपेपर्यंत कशीबशी थांबले. मग म्हणाले, "आजोबा, पाहुणघर फिरलंय. बेट सुटलंय."

पाहुणे हसले. काका तर मांडीवर थापा मारून हसला. "पाहुणघर काब्याकडे बघतं. ते फिरलं म्हणजे काबाच फिरला म्हणायचा! जा, मास्तरांना विचार, तुझ्या भूगोलात आहे का हे."

आजोबा हसले नाहीत. कॉफीचं भांडं उचललं आणि पाहुण्यांच्या कपात ओतत राहिले.

रात्री आईने कानाला धरलं. "घरातला माणूस वाटेवर असताना घराबद्दल अभद्र बोलतात का? परत तोंडातून काढलंस तर याद राख."

म्हणजे बाबा येईपर्यंत बोलायचंच नाही. पण बाबा येणार कसे? ते जुन्या जागी येतील!

१ एप्रिल

झोप नाही. गेल्या वर्षी खालच्या वस्तीतला मुतश्शर बोरूत वाट चुकला. सहा दिवसांनी होडी सापडली, रिकामी. बोरू दोन पुरुष उंच असतो, आत गेलं की सगळीकडे तोच. बाबा जुन्या जागी येतील, बेट नाही म्हणून आत शिरतील, आम्हाला शोधत राहतील. आम्ही बुडालो असंच वाटेल त्यांना.

२ एप्रिल

मताराला पटवलं. ती भित्री आहे, पण वल्हवते माझ्यापेक्षा चांगलं.

"काही नसेल तर तुझी केसांची पिन मला," म्हणाली.

"आणि असेल तर?"

"असेल तर मी रडणार, आत्ताच सांगते."

उद्या जाणार. गवत कापायला जातो म्हणून सांगायचं.

३ एप्रिल

मतारा रडली.

सकाळी निघालो ते ऊन डोक्यावर येईस्तोवर वल्हवत होतो. दोनदा वाट चुकलो. मग हंबरणं ऐकू आलं. काळी! छातीपर्यंत पाण्यात उभी होती, आणि तिच्या बाजूला आमचे चार खांब. होड्या बांधायचे. त्यातल्या एकावर बाबांनी माझी उंची कोरलेली आहे, ती खूणसुद्धा सापडली. मध्ये नुसतं पाणी. स्वच्छ, निळं. आमचं घर तिथे कधी नव्हतंच, असं.

काळीला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ती रोज बरोबर घरी येत होती आणि घरच नव्हतं.

तिला दोरीने ओढत आणलं. बेटावर काका उभाच होता. मी धडाधड सगळं सांगितलं. खांब, पाणी, खूण. काकाने काळीच्या पाठीवरून हात फिरवला, बराच वेळ. मग म्हणाला, "पुराचं पाणी आहे. जुने खांब दिसतात कुठेतरी." आणि आम्हाला होडी बंद!

अरे, डोळे आहेत का काय ह्यांना? मला इतका राग आलाय की पान फाटेल.

५ एप्रिल

भोकातला बोळा मी काढून बघितला. ठिपका आता दाराबाहेर. आई चुलीपाशी बसून नेहमीसारखी भाकरी थापते.

६ एप्रिल

ईदचा पिवळा झगा फाडला. नऊ चिंध्या निघाल्या. भल्या पहाटे काकाची होडी सोडली, एकटीच गेले. मतारा म्हणाली होती, "मी झोपले आहे असं समज."

खांबापासून सुरुवात केली. वाटेत वळण आलं की बोरूच्या शेंड्याला एक चिंधी. वळणं पुष्कळ, चिंध्या नऊच. अर्ध्या वाटेवर संपल्या. केसांची रिबिन बांधायला गेले, ती पाण्यात पडली. तिथून बेटापर्यंत एकही खूण नाही! आणि बेट तर रोज पुढे सरकतंय.

परत आले तेव्हा कुणी काही विचारलं नाही. झगा कुठे, तेही नाही.

८ एप्रिल

वारा. बेट करकरतं. काका म्हणतो, उंदीर आहेत.

१० एप्रिल

बाबा आले नाहीत.

आई दिवसभर दारात बसून चटई विणत होती. संध्याकाळी बघितलं तर चटई वाकडी झालेली. आईची चटई कधी वाकडी होत नाही. जेवले नाही. या अल्ला, माझ्या चिंध्या अर्ध्या वाटेवर संपल्या.

११ एप्रिल

बाबा आले!!

दुपारी. होडीतून उतरले, हातातला चिंध्यांचा गठ्ठा पाहुणघराच्या मधोमध ठेवला. मी मोजल्या. माझ्या पिवळ्या नऊ. आईच्या काळ्या ओढणीच्या चौदा. काकूच्या हिरव्या. शनाव काकाच्या सदऱ्याची अख्खी बाही, तुकडे करून. आणि आजोबांच्या चौकड्यांच्या रुमालाच्या एकवीस.

कुणी कुणाकडे बघितलं नाही. काका छपराकडे बघत होता. आईने गठ्ठा उचलला आणि चुलीत घातला, त्यावरच चहा झाला.

नमाजाची वेळ झाली. आजोबा, काका, बाबा नेहमीसारखे पाहुणघराच्या नाकासमोर उभे राहिले. पण उभे राहता राहता तिघांनीही खांदे वळवले. न ठरवता, एकाच बाजूला. ऊन आजोबांच्या तोंडावर आलं.

नंतर बाबांनी मला जवळ घेतलं. "काय गं, मी नसताना काही विशेष?"

मी म्हणाले, "काही नाही."