लाल झाडांची रोजनिशी

४ मार्च
तीन दिवसांचं ट्रेनिंग संपलं. दुष्काळाने मेलेली झाडं उपग्रहाच्या फोटोवरून कशी ओळखायची, हा विषय. रंगांचं लेक्चर दुसऱ्या दिवशी होतं, जेवणानंतर. डोळे मिटून ऐकलं. तसं मनात खोल उतरतं. टेकडी चढून झाडं मोजणं आता बंद. देवाला माझ्या गुडघ्यांची दया आली.

७ मार्च
संकल्प: पंधरवड्यात सगळं जंगल खुर्चीत बसून मोजायचं. मॅडम म्हणाल्या, जमलं तर कायम ऑफिसातच ठेवते, नाहीतर टेकडी आहेच. मी नुसता हसलो.

११ मार्च
फोटो उघडला. ओढ्याकाठचा अख्खा पट्टा लालभडक. गेली बिचारी. वरचा उतार हिरवट-करडा, म्हणजे ठणठणीत.

१२ मार्च, सकाळी
हिला फोटो दाखवला. म्हणाली, पाण्याशेजारची बरी मेली आणि उघड्यावरची जगली? सांगितलं, हे सायन्स आहे. म्हणाली, असेल, आधी चष्मा पुसा. पुसला. लालच होतं.

१५ मार्च
मेलेली झाडं ४१२. प्रत्येकासाठी वेगळी प्रार्थना करणार होतो. चौदाव्या झाडाला डुलकी लागली. उरलेल्यांची एकत्र केली.

१७ मार्च
वनरक्षकाचा फोन. त्याच झाडांच्या सावलीत बसून डबा खाल्ला म्हणे. कसली सावली, विचारलं. गार, म्हणाला. वरून दिसतं ते खाली बसलेल्याला दिसत नाही, हे नीट समजावलं. बरं साहेब, म्हणून त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

१८ मार्च
रिपोर्ट दिला. ४१२ झाडं तोडण्याची शिफारस. तोडणारी माणसं सोमवारी येणार. खुर्चीसाठी उशी आणली.

२१ मार्च
मॅडम वनरक्षकाला घेऊन स्वतः जंगलात जाऊन आल्या. मला बोलावलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. या फोटोत जिवंत पानं लाल दिसतात, वाळलेली झाडं हिरवट-करडी. ट्रेनिंगला सांगितलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर.
तोड थांबवली. मेलाय तो वरचा उतार. सोमवारपासून मी मोजायचा. पायी, एकेका झाडाला हात लावून.
वनरक्षक म्हणाला, साहेब, उशी घेऊन या, वर दगड टोचतात.

२४ मार्च
साठ झाडं झाली. गुडघे बोलायला लागलेत. दगड खरंच टोचतात. उशी उपयोगी पडली. वरून खाली पाहिलं. ओढ्याकाठची ती ४१२ हिरवीगार सळसळत होती. एकही गेलेलं नाही.
प्रार्थना लागू पडली म्हणायची.