गाद्या काढलेली खोली

तुळजापूर,
शनिवार, दुपार

प्रिय राघव,

आईंसमोर तुला ‘अहो’ म्हणावं लागतं, पत्रात तरी आपलं कॉलेजातलं ‘अरे’ चालू दे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि तसेच ठेवून देतोस. निळ्या खुणा मलाही दिसतात रे, आंधळी नाही मी. म्हणून शेवटी पोस्टाची वाट धरली. समृद्धीताई म्हणाल्या, उमरग्यात पोस्टमन अजून दारात येऊन हाक मारतो. पाकीट हातात पडल्यावर न फोडता ठेवणारा तू नव्हेस, तेवढं मी ओळखते.

घरचं बरं आहे. आईंचा गुडघा दुखतो, पण देवीला आलेले यजमान घरी उतरले की दुखायचं थांबतो. पूजा सांगायला चुलतकाका येतात. यजमान विचारतात, राघवेंद्र गुरुजी कुठं आहेत? आई म्हणतात, उमरग्याला ताईकडं गेलाय, येईल. त्यापुढं कुणी विचारत नाही. एवढ्याशा गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. तुझ्या घशातला आजार, तो काढताना गेलेलं स्वरयंत्र, आणि मंत्र सांगणारा माणूस मुका झाला म्हणून हळहळणारी माणसं. त्यांच्या हळहळीला कंटाळून तू बहिणीकडं गेलास, असं मी धरून चालले होते.

आता मुद्द्याचं. ‘टोलनाका’ झालं. आपल्या बँडचं शेवटचं गाणं पूर्ण झालं. ऑपरेशननंतर तू पाटीवर लिहिलं होतंस, ‘माझा आवाज काढ. उत्कर्षकडून गाऊन घे.’ पाणी हवं का, दुखतंय का, काही नाही. पहिलं वाक्य ते. मी तुझं ऐकलं. उत्कर्ष गायला, बरा गायला. गिटारवाला माणूस गातो तसा, सुरात आणि घाबरत. तुझा ट्रॅक मी बंद केला, पण पुसला मात्र नाही. त्याच्या गाण्याचं मिक्स तासाभरात जमलं, कारण त्यात जमवायला काही नव्हतंच. कुणालाच ते दुसऱ्यांदा ऐकावंसं वाटलं नाही. आपला ड्रमवाला शिवशंकर तामलवाडीहून मोटारसायकलवर आला, ऐकलं, चहा प्यायला आणि म्हणाला, “वयनी, ह्ये आपलं न्हाय.” आणि गेला.

मग मी तुझा ट्रॅक उघडला. तुझं गाणं का नीट बसत नव्हतं ते तुला माहीत आहे. आपण सगळं वाजवलं ते वरच्या खोलीत, यजमानांच्या गाद्या चारी भिंतींना उभ्या करून. आवाज कसा कोरडा, जवळचा येतो. तू गायलास ते मात्र दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी, आणि तो दिवस नेमका पौर्णिमेचा. सगळ्या गाद्या खाली ओसरीत, त्यांवर लातूर-बीदरकडची माणसं रात्रभर चालून येऊन झोपलेली. चार गाद्या आणते म्हणाले तर तू माझ्यावरच डोळे वटारलेस. देवीच्या दारी आलेल्या माणसाच्या अंगाखालची गादी ओढायची नाही, हा तुमच्या घरचा नियम. बँडसाठी घरचे बाकी सगळे नियम तू मोडलेस, हा काही मोडला नाहीस. गायलास त्याच खोलीत, मोकळ्या भिंतींत. प्रत्येक ओळ घुमली.

ते घुमणं काढायला मी काय काय केलं विचारू नकोस. फिल्टर लावले, खालचा आवाज छाटला, शब्दांमधल्या जागा कापल्या. घुमणं गेलं की तूही जायचास. उरायचं ते पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गायल्यासारखं. मग गाणं बंद करून मी भाजी निवडायला बसायचे आणि आईंवर उगाच चिडायचे.

परवाच्या पौर्णिमेला गाद्या पुन्हा खाली गेल्या. शेवटची गादी घेऊन उतरताना मी वरूनच आईंना विचारलं, उशा किती आणू? आणि माझाच आवाज तुझ्या ट्रॅकसारखा परत आला. मी गादी घेऊन तशीच उभी राहिले. तुला आमच्यात आणायला मी इतके दिवस धडपडत होते. आम्हीच तुझ्या खोलीत यायला हवं होतं. शिवशंकर आणि उत्कर्ष, दोघांना बोलावून घेतलं. यजमान दर्शनाला गेल्यावर मोठा स्पीकर वर चढवला, ड्रम, गिटार, बेस एकेक करून त्या मोकळ्या खोलीत वाजवले आणि कोपऱ्यात माइक ठेवून पुन्हा रेकॉर्ड केले. मूळ ट्रॅकच्या खाली ते थोडेथोडे मिसळले. राघव, सगळे एका खोलीत आले रे. तू मध्ये उभा, शिवशंकर मागं, उत्कर्ष खिडकीशी. तुझ्या आवाजाला मी बोट लावलं नाही.

जुळलंय का बघावं म्हणून तिथंच स्पीकरवर पूर्ण गाणं लावलं. खालून आईंचा आवाज आला, “राघू, बास कर की आता. घसा बसंल.” नेहमीसारखा, वैतागलेला. गाणं बंद करायचं माझ्या हातून होईना. थोड्या वेळानं खाली गेले, तर आई ओसरीतल्या गाद्यांवर बसून होत्या, पदर तोंडाला लावून. मी शेजारी बसले. यजमान परत आले तेव्हा आईंनी उठून चहा टाकला.

गाणं पेन ड्राइव्हवर घालून सोबत पाठवतेय. ऐक किंवा नको ऐकूस. उत्कर्षचंही त्यात आहे. जगाला कोणतं ऐकवायचं ते तू ठरव, मी वाद घालणार नाही. पण हे विचारायला मी पत्र लिहीत नाहीये. काल ताईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, दवाखान्यानं दिलेलं ते गळ्याला लावून बोलायचं यंत्र तू मागच्या खोलीत दार लावून वापरत होतास. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. त्या चहा घेऊन आत आल्या आणि तू यंत्र कपाटात टाकलंस, ते अजून बाहेर काढलं नाहीस. शब्द कोणता होता तेही त्यांनी सांगितलं. माझ्या आई-बाबांनी जरा सोपं नाव ठेवायला हवं होतं रे, त्यात ते जोडाक्षर नसतं तरी चाललं असतं. म्हणजे तू गावाला कंटाळून गेला नाहीस. तो यंत्रातला आवाज मला ऐकू येऊ नये म्हणून गेलास. तर ऐक. तुझा जुना आवाज मी महिनाभर कानात घालून बसले, माझं त्याच्यासोबतचं काम झालं. नवा ऐकून मी रडणार नाही असं खोटं सांगत नाही. रडेन, आईही रडतील, पहिले काही दिवस रोज रडू. तरी ये. येताना ते यंत्र घेऊन ये, आणि दारात उभा राहून मला हाक मार. पूर्ण नाव नाही जमलं, नुसतं ‘अ’ निघालं, तरी मी ओ देईन.

तुझीच,
अश्लेषा