उचला, सरळ करा, सोडा

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. इथे तुला मधे तोंड घालता येणार नाही. परवा तू माझ्या गाडीला खेळणं म्हणालीस. अगं, ती हातभर लांबीची आहे हे खरं, रिमोटवर चालते हेही खरं, पण मातीच्या ट्रॅकवर सुटली की डोळ्याचं पातं लवू देत नाही. आपल्यापासून लांब जाते तोवर उजवं ते उजवं. वळून आपल्याकडे यायला लागली की उजव्याचं डावं होतं. आठवडाभर लोकांना चष्मे लावून देणारा मी, रविवारी माझीच नजर उलटीपालटी होते.

आम्ही ड्रायव्हर मंडळी ट्रॅकशेजारच्या मंचावर उभे राहून गाड्या चालवतो. गाडी उलटली तरी तिथून उतरायचं नसतं. वळणावळणावर मार्शल उभे असतात. त्यांचं काम एवढंच: उचला, सरळ करा, सोडा.

पुढच्या महिन्यात फायनल आहे. दर वेळी आमच्यातले एक दाताचे डॉक्टर पहिले आणि मी दुसरा. क्लबात मला उपविजेता याच नावाने हाक मारतात. पोहणं, गिटार, बुद्धिबळ, सगळं मी अर्धवट टाकलं हे तू चारचौघांत सांगत असतेस. खोटं नाही ते. पण ही एक गोष्ट मी धरून ठेवली आहे, आणि एकदा तरी तुझ्यादेखत पहिला यायचं आहे. बाकी जग हसलं तर हसो, तू हसलीस की लागतं. येशील ना?

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, या खेपेस थोडा विश्वासही असावा.

तुझा,
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मधे तोंड घालता येईना, तेव्हा मोठ्याने वाचत आमच्या ह्यांच्याशीच भांडून घेतलं.

लाँड्रीत कामाचा डोंगर आहे. कुणाच्या कोटावर शाई, कुणाच्या पडद्यावर चहा. डाग राहिलेला कपडा माझ्या काउंटरवरून बाहेर गेलेला मला खपत नाही, त्यामुळे दुकान दुसऱ्यावर टाकून निघायला जीव धजत नाही. तरी येईन. तुझ्या बाबतीत मी हसते ते सवयीने, मनातून नाही.

तुमचं ते उचला, सरळ करा, सोडा वाचून गंमत वाटली. आई कामावर जायची तेव्हा तुला मीच सांभाळलं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी केल्या, तिसरी राहूनच गेली, असं तुझी बायको म्हणते. म्हणू दे बापडी.

उन्हात टोपी घालत जा. चाळिशी उलटली म्हणून ऊन कुणाला सोडत नाही. हरलास तरी लोभ कमी होणार नाही, पण जिंकच.

तुझी,
ताई

१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फायनल संपल्यावर तू आम्हाला स्टेशनवर सोडलंस, त्यानंतर पत्र नाही की फोन नाही.

एका मार्शलचा पाय मुरगळला, पंचबाई माणूस शोधत होत्या, तर नको तिथे मी हात वर केला. ते नारिंगी जॅकेट चढवताना काय माझी ऐट! तू पुढे होतास, डॉक्टर मागे. आणि शेवटच्या फेरीत तुझी गाडी उलटावी ती नेमकी माझ्या पायाशी. धावले. उचलली. सरळ केली. पण रे, ती नखशिखांत चिखलाने बरबटलेली! हात आपोआप रुमालाकडे गेला. शपथेवर सांगते, आपण काय करतोय हे मला कळलंच नाही. सगळे ओरडत होते, मला वाटलं कौतुकच चाललंय. हे म्हणतात, मी चाकंसुद्धा एकेक करून पुसली आणि मगच गाडी खाली ठेवली.

जन्मात एक गोष्ट तू धरून ठेवलीस, ती माझ्या हातून निसटली. रागव, हवं ते बोल, पण लिही. लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.

तुझी,
ताई

२७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलो होतो, खोटं कशाला सांगू. घरात बायकोशी धड बोललो नाही, आणि तिचा काय दोष! मंचावरून मी काय काय ओरडलो ते तुला नीट ऐकू आलं नाही हे बरंच झालं.

मग क्लबात कुणीतरी शर्यतीचा व्हिडिओ लावला. पुसून झाल्यावर तू गाडी तोंडाशी नेलीस आणि पुढच्या चाकावर फुंकर घातलीस. हे तू पत्रात लिहिलं नाहीस, म्हणजे तुला आठवतही नसणार. मी सायकलवरून पडून यायचो तेव्हा गुडघ्यावर घालायचीस, तीच फुंकर. ती पाहून डॉक्टरांना असं हसू फुटलं की त्यांची गाडी कठड्यावर आदळली. पहिला आला बेकरीवाला! बिचारा आजवर कधी तिसऱ्याच्या वर गेला नव्हता. तो तुला केक पाठवतो आहे.

मी शेवटून पहिला. पण ताई, व्हिडिओ पाहता पाहता माझा चष्मा ओला झाला आणि राग गेला. मी पहिला आलेलं तू पाहावंस एवढंच मला हवं होतं. तू तर माझी गाडी अशी पाहत बसलीस की बाकीची शर्यतच तुला दिसली नाही.

फलकावर नवा नियम लागला आहे: मार्शलने गाडी पुसू नये. सगळे त्याला ताईचा नियम म्हणतात. पुढची फायनल ऑक्टोबरात. पंचबाई तुझी चौकशी करत होत्या.

लोभ आहे तसाच असावा, फक्त रुमालाशिवाय.

तुझा,
धाकटा

६ मे

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

केक पोचला, संपलाही. तुझं पत्र मात्र काउंटरच्या काचेखाली ठेवलं आहे.

इथे तालीम सुरू आहे. दुकान बंद व्हायच्या सुमारास हे आपला बूट पालथा टाकतात आणि मी धावत जाऊन उचलते, सरळ करते, सोडते. काल बुटाला चिखल होता. जिवावर आलं, पण सोडला. गिऱ्हाइकं पाहतात आणि आपापले कपडे घेऊन जातात.

पंचबाईंना सांग, मला त्याच वळणावर उभं करा. लोभ असावा आणि तुझी गाडी उलटू नये. उलटलीच तर मी आहे. पुसणार नाही. पुसेन ते घरी आल्यावर.

तुझी,
ताई