आईमागे राहिलेलं पाडस

ग्लेन आरिच, हायलँड्स
१२ डिसेंबर

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे, खोलीही उबदार आहे. आईचा गुडघा कसा आहे?

हरणांची संख्या फार वाढली की ती उपाशी मरतात, म्हणून आम्ही काही मारून कळप कमी करतोय. "आधी पाडस मार, मग त्याची आई; नाहीतर ते मागे राहून उपाशी मरतं," असं तुम्ही बजावलं होतं. पंधरवड्यापूर्वी एका पाडसावर गोळी झाडायला माझा हातच धजेना. मी फक्त त्याची आई मारली.

तेव्हापासून ते रोज धुक्यातून येऊन मांस टांगायच्या खोलीपाशी उभं राहायचं. ओरडायचं नाही, नुसतं बघायचं.

सोबतचा फर्गस म्हणाला, "अगं, तुझ्याच मागे येतंय ते. कोटाला त्याच्या आईचा वास आहे तुझ्या."

आज ते माझी बाही चाटू लागलं. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. मागे सरून मी बंदूक उचलली, तरी ते माझ्याकडेच चालत आलं. मी गोळी झाडली.

तुमचं खरं होतं, बाबा. आईला यातलं काही सांगू नका.

तुमची,
मोरवेन